चपलांच्या कपाटातली कोठी

३ मे

आत्या,

नमस्कार, खुशाली, हवापाणी सगळं लिहिलंय असं धरून चाल. मला घाई आहे.

गेल्या शुक्रवारी दुपारी सव्वाचार वाजता माझं आयुष्य बदललं. वेळ अगदी नक्की सांगतोय, कारण भिंतीवरचं घड्याळ समोरच होतं.

तर झालं असं, की कोठी भरली. घर सोडून गेलीस तेव्हा तू म्हणाली होतीस, हा सर्व्हर दहा वर्षं तरी पुरेल. सहाच पुरला. शुक्रवारी सकाळी नऊला आजोबा त्यांचं रोजचं रस्त्याच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण कोठीत टाकायला बसले, तर पडद्यावर अक्षरं आली, 'जागा शिल्लक नाही.' आजोबांना वाटलं, हे त्यांना उद्देशून आहे. दोन तास कुणाशी बोलले नाहीत.

मी जाऊन चपलांचं कपाट उघडलं. खालच्या खणात चपला, वरच्या खणात तुझी कोठी, तू ठेवलीस तशीच. आत दोन डिस्क. उजवीचा दिवा हिरवा, डावीचा लाल. कपाटाचं दार माझ्याकडून कधीमधी जरा जोरात लागत असेल, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मग घरात बैठक बसली. बाबा म्हणाले, "माझ्या मोजणीचे सगळे नकाशे त्यात आहेत." आई म्हणाली, "माझ्या शाळेच्या गणवेशांची मापं त्यात आहेत." आजोबा म्हणाले, "माझी सहा वर्षं त्यात आहेत." मग तिघांनी माझ्याकडे बघितलं आणि बाबा म्हणाले, "तूच बघ. सध्या रिकामा तूच आहेस." कॉलेज सोडून सात महिने झाले, तरी या घरातलं प्रत्येक वाक्य गावभर हिंडून तिथेच मुक्कामाला येतं. मी उठलो. नुसता बाहेर पडलो. दार लागलं आपोआप.

आणि नुसती चौकशी करायला म्हणून मोठ्या रस्त्यावरच्या कॉम्प्युटरच्या सामानाच्या दुकानात गेलो. काउंटरवर एक जण असते. तिने मला पाच प्रश्न विचारले, आणि विचारताना ती पेनाचं टोपण चावते. टोपण निळं आहे. तिचा तिसरा प्रश्न होता, "दोन्ही डिस्क जुळ्या लावल्यात का? म्हणजे एकीवर जे ते दुसरीवर?" आत्या, सहा वर्षांत हा प्रश्न मला एकाही माणसाने विचारला नव्हता.

फोनच करणार होतो, पण गेल्या वर्षीची वायर आठवली. फोनवर तुझं वाक्य संपायच्या आत मी ती उपटली, आणि तेव्हापासून कोठीबद्दल तू फक्त पत्राने बोलतेस. तीन दिवस जायला, तीन यायला. हरकत नाही. मी आता थंड डोक्याचा माणूस झालोय. लवकर लिही!

तुझा
तवा

* * *

६ मे

प्रिय तव्या,

पत्र मिळालं. कोठी भरली सकाळी नऊला, असं तूच लिहिलंयस. मग सव्वाचारला काय झालं?

राहू दे. नको सांगूस. पत्रात कोठीबद्दल चार ओळी आणि एका निळ्या टोपणाबद्दल दोन. टेलिफोनच्या कचेरीत बत्तीस वर्षं काढली मी. कुठली तार गरम झालीय ते मला न उघडता कळतं.

आता कामाचं. डावी डिस्क आजारी आहे, ती बदलावी लागेल. पण नवीन मोठ्या घ्यायच्या आधी एवढंच कर: कोठीत भरलंय काय ते बघ. तुम्ही चार माणसं. तुझ्या बापाचे नकाशे, वहिनीची मापं, माझ्या बाबांचे, म्हणजे तुझ्या आजोबांचे, आवाज. यानं ती कोठी दहा वर्षांत भरायची नाही, असा माझा हिशेब होता, आणि माझे हिशेब चुकत नाहीत. काहीतरी भलतंच साठलंय. बघ आणि मला कळव. तोवर कशालाही हात लावू नकोस.

बाबा रोज सकाळी रस्त्याचे आवाज का साठवतात, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. म्हणाले, पुढे ऐकू येईनासं झालं तर ऐकायला. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. तूही विचारू नकोस.

आणि कपाट पुढच्या दाराच्या भिंतीला टेकून आहे. तू दार आपटलंस की धक्का थेट कोठीला बसतो. डिस्कच्या आत सुई असते, तव्या. तिलाही जीव आहे.

आत्या

* * *

८ मे

तव्या,

परवाचं पत्र पेटीत टाकलं आणि आठवलं, की तुला थांब म्हटलं म्हणजे तू पळतोस. म्हणून पुढचंही आत्ताच लिहून टाकते.

दोन नवीन डिस्क एकदम घे, एकाच मापाच्या. आधी फक्त डावी बदल. उजवीवरचं सगळं नवीन डिस्कवर उतरायला तीन-चार दिवस लागतील. हिरवा दिवा लुकलुकायचा पूर्ण थांबेपर्यंत उजवीला हात लावायचा नाही. बोटसुद्धा नाही.

सगळ्यात महत्त्वाचं. काढलेली जुनी डावी डिस्क कापडात गुंडाळून आईच्या शिलाई मशीनच्या खणात ठेव. आजारी असली तरी तिच्यावर सगळं आहे. सगळं काम होईपर्यंत ती कुणालाही द्यायची नाही. आपला नियम लक्षात आहे ना? जे एकाच जागी आहे, ते नाहीच असं समजायचं.

आत्या

* * *

९ मे

आत्या,

तुझं सहा तारखेचं पत्र आज आलं. काय भरलंय ते बघायला सांगितलंयस. बघतो नंतर. जागा संपली तर जागा वाढवायची, यात बघायचं काय? चपला मावेनात तर आपण कपाट मोठं घेतो, चपला मोजत बसत नाही.

तसंही काम सुरू झालंय. काल जाऊन एक डिस्क आणली. एकच. दोन एकदम का घ्यायच्या? एक खराब निघाली तर बदलायला जावं लागेल, दोन खराब निघाल्या तरी एकदाच जावं लागेल. म्हणजे एकेक घेणंच बरोबर. यावर तू हसशील, पण विचार केलास तर पटेल.

आणि ऐक, जुनी डावी मी त्यांच्याकडेच बदलीत देऊन टाकली! तिनेच विचारलं, "जुनी देणार असाल तर नवीनला सूट आहे." ती विचारतेय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? तिने डिस्कवर पांढरी पट्टी चिकटवली, पट्टीवर माझा नंबर लिहिला आणि टेबलाच्या खणात ठेवली. म्हणाली, बदलीतल्या डिस्क अठ्ठावीस तारखेला सगळ्या एकदम पुसतात. अक्षर काय सुंदर आहे! चार नीट चारसारखा.

शिकताय का, असंही विचारलं. मी म्हणालो, शेवटच्या वर्षाला आहे. तसं ते माझं शेवटचंच वर्ष ठरलं की, म्हणजे खोटं नाही.

उतरणं चालू आहे. आज सकाळी चाळीस टक्के. घरच्यांना सांगितलंय, कोठी हळू चालेल, बोलू नका. दुसरी डिस्क आणायला परवा जातोय. शर्ट इस्त्रीला दिलाय.

तवा

* * *

१२ मे

आत्या,

तुझं आठ तारखेचं पत्र काल मिळालं. काल संध्याकाळी पाच वाजता. कोठी मेली दुपारी तीनला. बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणणार होतो, पण बैल मीच आहे.

सगळं सांगतो. काल दुसरी डिस्क घ्यायला गेलो. ती मालकाशी बोलत होती, म्हणजे मालक बोलत होता. कुठल्यातरी पावतीवर तारीख चुकली होती, तर हा माणूस सगळ्या गिऱ्हाइकांसमोर तिला म्हणतो, "लक्ष कुठे असतं तुझं?" माझं डोकं सटकलं. मी म्हणालो, "ओ, नीट बोला त्यांच्याशी." मालक म्हणाला, "तुम्ही कोण?" मग मी आवाज चढवला. उत्तर नसलं की मी आवाज चढवतो, तुला माहीत आहे.

आणि आत्या, ती माझ्यावर चिडली! मालकावर नाही, माझ्यावर! म्हणाली, "माझी भांडणं मी भांडते. तुमची डिस्क घ्या." डिस्क काउंटरवर ठेवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी बाहेर आलो. दुकानाचं दार काचेचं आहे, फुटलं नाही, एवढंच.

तिथून घरी येईपर्यंत काय झालं, आठवत नाही. कपाट उघडलं. हिरवा दिवा लुकलुकत होता. मला त्या लुकलुकण्याचाच राग आला. एकसष्ट टक्के झाले होते. मी म्हटलं, एवढे झाले, पुरे. उजवी ओढून काढली, नवीन दुसरी घातली, आणि जुनी ठेवायला वळलो तर हातातून सुटली. बाबांच्या बुटावर पडली. बूट मऊ असतो असं मला वाटायचं.

आता ती लावली की टक्, टक्, टक् एवढाच आवाज येतो. पहिल्या नवीन डिस्कवर अर्धवट उतरलेलं काहीही उघडत नाही. दुसरी कोरी. आणि एकमेव जुनी डावी, जिच्यावर सगळं आहे, ती तिच्या टेबलाच्या खणात.

घरात सांगितलंय, देखभाल चालू आहे. बाबा म्हणाले, "कोण करतंय देखभाल?" मी म्हणालो, "मी." ते पेपर घेऊन बसले. ते जास्त लागलं.

तवा

* * *

१५ मे

तव्या,

पत्र वाचून आधी गॅलरीत जाऊन उभी राहिले. खालच्या डेपोतून सात बसगाड्या सुटेपर्यंत तशीच उभी होते. मग आत आले. आता मी शांत आहे.

रागवायचं नंतर. आता सरळ दुकानात जा आणि माफी माग. डिस्क परत मागून घरी आणू नकोस, ती आजारी आहे. घरी लावलीस तर दोन मिनिटांत जाईल. दुकानात दुरुस्तीचं मशीन असेल, त्यावर लावून एकेक फाइल हळूहळू नवीन डिस्कवर उतरवून घ्यावी लागेल. दिवसभराचं काम आहे. त्या मुलीला नक्की येत असेल. जिनं जुळ्यांबद्दल विचारलं तिला येतच असेल.

अठ्ठावीसच्या आत. आजच जा म्हटलं असतं, पण हे पत्र तुला अठराला मिळेल. म्हणून म्हणते, अठरालाच जा.

आत्या

* * *

१८ मे

आत्या,

तू म्हणतेस तसं लगेच गेलो. बसथांब्यापर्यंत गेलो. थांबा दुकानाच्या बरोबर समोर आहे. तिथे तीन बस सोडल्या आणि परत आलो.

भांडणाची लाज वाटते म्हणून नाही. म्हणजे वाटते, पण ते कारण नाही. तुला खरं सांगतो, पण हे पत्र वाचून जाळून टाक.

मी त्या थांब्यावर चार महिने उभा राहतोय. कॉलेज सोडल्यावर घरात बसवेना, म्हणून रोज कुठेतरी जायचो, आणि कुठेही जायची बस तिथूनच सुटते. काचेतून ती दिसायची. मग मी कुठे जायचंच बंद केलं. शुक्रवारी सव्वाचारला मी त्या दुकानात पहिल्यांदा पाऊल टाकलं. कोठी भरली म्हणून निदान आत जायला कारण मिळालं.

त्या चार महिन्यांत तिला पत्रं लिहिली. एकही दिलं नाही. कोठीत माझ्या फोल्डरमध्ये आहेत. 'तिला-०१' पासून 'तिला-३७' पर्यंत. चौदावं पत्र संपूर्ण त्या पेनाच्या टोपणावर आहे. आत्या, अख्खं पत्र!

आता सांग. डिस्क तिच्या मशीनला लागणार, एकेक फाइल उतरणार, उतरताना प्रत्येकीचं नाव पडद्यावर येणार, आणि पडद्यासमोर कोण बसणार? ती.

मी जर गेलोच नाही, तर अठ्ठावीसला डिस्क पुसली जाईल. पत्रं जातील. कुणालाही काही कळणार नाही. बाबांचे नकाशे कचेरीतून थोडेफार परत मिळतील. आजोबांना ध्वनिमुद्रणाला आणखी पुष्कळ सकाळी मिळतील.

आईचं मात्र जमत नाही. एकशे चाळीस मुलांची मापं गेल्या महिन्यातच घेतलेली आहेत. शाळा एक तारखेला उघडते. कापड बेतायला पंचवीसला बसायचं आहे. आज सकाळी ती टेप गळ्यात घालून मशीनपुढे नुसती बसली होती. मला म्हणाली, "होईल ना रे तुझी देखभाल?" चिडून म्हणाली असती तर मीही चिडलो असतो. तिनं नुसतं विचारलं.

काय करू?

तवा

* * *

२१ मे

तव्या,

पत्र जाळलं नाही. माझ्याकडे गॅस संपलाय.

काय करू म्हणतोस? तुला माहीत आहे काय करायचं ते, म्हणून तर मला विचारतोयस. माहीत नसतं तर विचारलं नसतंस, करून मोकळा झाला असतास.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मास्तरांनी तुझ्यावर खोटा आळ घेतला, ते मला पटलं. तू दार आपटून आलास, तेही समजलं. पण आळ खोटा होता हे सांगायला तू परत गेला नाहीस. आपटलेलं दार पुन्हा उघडायला लाज वाटते, हाच तुझा रोग आहे, बाकी तू चांगला आहेस.

फजिती होईल. होऊ दे. फजितीने माणूस मरत नाही, मी स्वतः तीनदा जगलेय. पण एकशे चाळीस पोरं विनागणवेशाची शाळेत गेली आणि त्यामागे तुझी सदतीस प्रेमपत्रं होती, हे घेऊन तू कसा जगशील?

जा.

आत्या

* * *

२४ मे

आत्या,

तुझं पत्र आज सकाळी नऊला आलं. साडेनऊला मी कोरी डिस्क घेऊन दुकानात होतो. शर्ट इस्त्रीचा नव्हता.

आधी मालकाकडे गेलो. म्हणालो, "त्या दिवशी माझं चुकलं." मालक म्हणाला, "दार नीट लावा." बस, एवढंच. मी घरून मोठं भाषण पाठ करून नेलं होतं, ते तसंच परत आणलं. मग तिच्यापुढे उभा राहिलो. बुटापासून टक् टक् पर्यंत सगळं सांगितलं. तिने खणातून डिस्क काढली. पट्टीवरचा माझा नंबर तिने पुसला नव्हता. म्हणाली, "वाटलंच होतं याल म्हणून. बदलीत दिलेली डिस्क दहातला एक जण तरी परत मागतो. पण इतका उशीर कुणी करत नाही."

दहाला मशीन सुरू झालं. मला म्हणाली, बसा, नवीन डिस्क तुमची आहे, नजर ठेवा. आणि नावं पडद्यावर सरकायला लागली. आधी आईची मापं. तिसरी-अ, तिसरी-ब, सगळी जिवंत! मी जवळजवळ रडलो. मग बाबांचे नकाशे. मग माझा फोल्डर. 'तिला-०१'. 'तिला-०२'. मी छताकडे बघत बसलो. छताला एक पंखा आहे, त्याला तीन पाती आहेत. सदतीस नावं सरकली. मला वाटलं, संपलं, सुटलो.

कसलं सुटतोय! थोड्या वेळाने पुन्हा 'तिला-०१'.

आत्या, कोठी कशानं भरली ते मला तिथे, त्या स्टुलावर कळलं. तुझा तो नियम! जे एकाच जागी आहे ते नाहीच असं समजायचं. तू गेल्यावर या घरातल्या प्रत्येक माणसाने तो मनावर घेतला. दर रविवारी आई सगळ्यांचं सगळं आपल्या फोल्डरमध्ये उतरवते. बाबाही. आजोबाही. पुढच्या रविवारी तेच सगळं, आधीच्या प्रतींसकट, पुन्हा! प्रत्येकाने एकमेकांना न सांगता. सहा वर्षं! आणि गेल्या चार महिन्यांतल्या प्रत्येक प्रतीत माझी पत्रं.

चौथ्यांदा 'तिला-०१' आलं तेव्हा मालक चहाचा कप घेऊन मागे उभा होता. म्हणाला, "ही कोण बाई आहे? फार वेळा येतेय." ती म्हणाली, "यांच्या घरातलं आहे, आपल्याला काय करायचंय." आणि पेनाचं टोपण चावलं.

पण थांब, अजून व्हायचंय. आईच्या प्रतीतल्या फाइली माझ्यापेक्षा वजनाला जास्त होत्या. दुकानातल्या तिने विचारलं, "यात कुणी काही वाढवलंय का?" मी घरी येऊन बघितलं. नवव्या पत्रात मी तिच्या निळ्या शर्टाबद्दल लिहिलंय, त्याखाली आईने लिहिलंय, 'खांदा सैल वाटतो, अर्धा इंच आत घ्यावा लागेल.' एकविसाव्यात मी लिहिलंय, आपल्यामध्ये फक्त एका रस्त्याचं अंतर आहे. बाबांनी खाली लिहिलंय, 'घर ते दुकान साडेसहाशे मीटर, दोन वळणं.' सोबत नकाशा जोडलाय. उत्तर दिशा दाखवून!

आणि आजोबा. आत्या, आजोबांचं मी काय करू? दुपारी चारला त्यांचे आवाज उतरले. ती म्हणाली, आवाजाच्या फाइली नुसत्या उतरून चालत नाहीत, एखादी वाजवून बघावी लागते. मी म्हटलं, वाजवा, रस्त्याचेच आवाज आहेत. तिने मधलीच एक लावली. दुकानात पाच गिऱ्हाइकं. आधी आजोबांचा खोकला. मग खणखणीत आवाजात:

"पत्र चौदावं. तुझ्या पेनाचं निळं टोपण मी असतो, तर दातांच्या खुणा मिरवत हिंडलो असतो..."

सगळी पत्रं वाचून ठेवलीत त्यांनी! सदतीसच्या सदतीस! का, तर म्हणे पुढे दिसेनासं झालं तर ऐकायला.

तिने बंद केलं. तोंडातलं पेन काढलं. टोपणाकडे बघितलं. पेन टेबलावर ठेवलं, अगदी हळू, काचेचं असल्यासारखं. दुकानात कुणीही हललं नाही. मग मालक म्हणाला, "आवाज स्पष्ट आहे. फाइल चांगली आहे." आणि आत निघून गेला. त्या माणसाला मी जन्मात पुन्हा उलटं बोलणार नाही.

सहाला काम संपलं. सगळं वाचलं. जास्तीच्या प्रती काढल्यावर उरलेलं जुन्या एका डिस्कच्या पाव भागात मावतं. मोठ्या नवीन डिस्कची गरजच नव्हती. तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, माहीत आहे, नको बोलूस.

मी डिस्क पिशवीत घातली. खाली बघून म्हटलं, "ती पत्रं..." ती म्हणाली, "मी वाचली नाहीत. आकार तेवढा बघितला. एवढी छोटी छोटी असून कधी पाठवली का नाहीत?" मी पिशवीला गाठ मारत राहिलो. मग म्हणाली, "माझी भांडणं मी भांडते, असं म्हटलं होतं तुम्हाला. माझी पत्रंही मीच वाचते. आजोबांनी वाचायची नाहीत. तीस तारखेला माझा इथला शेवटचा दिवस आहे. दुसऱ्या शहरात नोकरी लागलीय, बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढायची. पाच वाजता निघेन. एकच आणा. हाताने लिहिलेलं."

घरी आलो तर आई लगेच कात्री घेऊन बसली. बाबांना म्हटलं, "माझी पत्रं वाचलीत तुम्ही?" बाबा म्हणाले, "जपून ठेवत होतो." मग जाता जाता, "विसावं चांगलं होतं."

आत्या, एकच म्हणजे कसं? सदतीसमधलं कुठलं निवडू?

तवा

ता. क. आजोबांच्या फोल्डरमध्ये 'दार' नावाचा आणखी एक फोल्डर सापडला. त्यात तीनशे बारा आवाज आहेत. सगळे मी दार आपटल्याचे, तारीख-वेळेसकट.

* * *

२७ मे

तव्या,

इतकी हसले, की शेजारीण दार वाजवून गेली.

आता माझंही एक ऐक. कोठीची आणखी एक प्रत माझ्या कपाटात आहे. तुझा बाप दर तीन महिन्यांनी एक छोटी डिस्क पोस्टाने पाठवतो. मार्चअखेरची आली तेव्हा बावीस पत्रं होती. नकाशे आणि बाबांचे आवाज मार्चपर्यंतचे माझ्याकडे होतेच. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू दुकानात गेला नसतास. वहिनीची गेल्या महिन्यातली मापं मात्र माझ्याकडे नव्हती, म्हणून तू गेलास ते बरंच झालं. रागव हवं तर. उत्तर यायला सहा दिवस लागतील, तोवर तवा निवेल.

कुठलं निवडू, असं विचारतोस. एकही नको. मी बावीसच्या बावीस वाचलीत. लिहितोस छान, पण सगळ्यात तू थांब्यावर उभा आहेस आणि ती काचेच्या आत आहे. आता तू आत जाऊन आलास. त्या पत्रांतल्या मुलीला तू ओळखत नव्हतास. जिने तुला झाडलं, मग पट्टी चिकटवून तुझी डिस्क सांभाळली, तिला लिही. शेवटच्या वर्षाला आहेस म्हणालास, त्याचंही खरं काय ते सांग. आणि खोड नको. खोडलंस तर पुन्हा लिही.

कोठीत ठेवू नकोस. प्रत करू नकोस. मीच सांगतेय.

आत्या

* * *

३० मे

आत्या,

तुझं पत्र आज अकराला आलं. तुझ्याकडच्या प्रतीचं वाचून मी पंधरा मिनिटं भडकलो होतो. मग निवलो. तुझा हिशेब नेहमीसारखा चुकला, सहा दिवस लागले नाहीत.

पत्र लिहिलं. चारदा फाडलं, पाचव्यांदा झालं. एकच पान. टोपण नाही, शर्ट नाही, काच नाही. त्यात लिहिलंय, की मी कुठल्याच वर्षाला नाही, कॉलेज अर्ध्यावर सोडलंय. की सोमवारी त्या प्रयोगशाळेत जाऊन दार वाजवणार आहे, उघडतील की नाही माहीत नाही. की त्या दिवशी तुम्ही माझ्यावर चिडलात ते बरोबर होतं. की तुम्ही जाताय याचं मला फार वाईट वाटतंय आणि नोकरी लागली याचा फार आनंद झालाय, आणि ही दोन वाक्यं एका ओळीत कशी लिहायची हे मला अजून जमत नाही. खाली पत्ता दिलाय. तुला माहीत आहे, मी पत्राला उत्तर लगेच देतो.

प्रत नाही. कुठेही नाही. एकाच जागी आहे, माझ्या खिशात. तुझ्या नियमाप्रमाणे ते नाहीच. भीती वाटतेय, पण बरंही वाटतंय.

आईने विचारलं, "वाचून दाखवतोस का?" मी म्हटलं, "नाही." तिने शर्टाचा खांदा ठीक करून दिला, माझ्या. एकशे एकवीस गणवेश झालेत, आजोबा बटणं मोजून देतायत. बाबा म्हणाले, "पहिल्या वळणाने जाऊ नकोस, रस्ता खोदलाय. साडेआठशे मीटर पडेल, वीस मिनिटं आधी निघ." सव्वाचार वाजलेत.

हे चपलांच्या कपाटावर कागद ठेवून लिहितोय. बूट घातले. कोठीचे दोन्ही दिवे हिरवे आहेत, एकही लुकलुकत नाही. तुला लिहिलेलं हे पत्र जाताना पेटीत टाकीन. बाहेर पडतो.

ही शेवटची ओळ पायरीवर बसून. कडी एका हाताने धरली, दार दुसऱ्या हाताने ओढलं, खाचेत बसेपर्यंत सोडलं नाही. वरच्या खिडकीतून आजोबा आत्ताच ओरडले, "गेलास का रे? आवाज नाही आला!" गेलो, आत्या. दार लावलंय.